गावाचा आरोग्य सर्व्हे करायचाय? मुंबईतल्या मंडळींसाठी सगळी रीत

लालबाग-परळपासून भांडुप, दिवा, नालासोपाऱ्यापर्यंत कुठेही जा, कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या गावाचं मंडळ सापडतंच. वर्गणी असते, पावतीपुस्तक असतं, दोन गट असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसतं. गावासाठी आरोग्याचं काहीतरी करूया असं ठरलं की मग बहुतेक वेळा मे महिन्यात शिबिर होतं. मुंबईहून डॉक्टर नेतात, शाळेच्या पडवीत टेबलं लागतात, बीपी-शुगर तपासतात, गोळ्या वाटतात, बॅनरसमोर फोटो होतो आणि जून लागला की गोळ्या संपतात. मी शिबिराच्या विरोधात नाही हो, पण गावाला नक्की काय झालंय हे शिबिरातून कळत नाही एवढंच माझं म्हणणं आहे, कारण शिबिराला तोच येतो ज्याला चालत येता येतं. अंथरुणाला खिळलेली आजी येत नाही, डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीतली माणसं येत नाहीत, दारू पिणारा येत नाही, आणि काजूच्या कारखान्यात जाणारी सून तर येऊच शकत नाही, तिची हजेरी बुडते.

रांगेत न दिसणारं दुखणं किती असू शकतं याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण सांगतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. म्हणजे त्या गावांच्या दवाखान्यातलं रजिस्टर बघून कोणी म्हणालं असतं की इथे बायकांचं ठीक चाललंय, तर ते रजिस्टरप्रमाणे बरोबरच ठरलं असतं.

तर शिबिर करायचंय ते करा, पण आधी एकदा घरोघरी जाऊन विचारा. ते कसं, ते खाली लिहितोय. हे रत्नागिरी-सिंधुदुर्ग डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, बाकीच्यांनी आपल्या गावाप्रमाणे बदल करून घ्या.

आधी जे आहे ते वाचा. २०११ च्या जनगणनेत गावागावाचे आकडे आहेत, जुने झालेत पण पाया म्हणून चालतात. त्यातच दिसतं की रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, राज्यात सगळ्यात जास्त, आणि २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली. कारण काय ते मुंबईत बसून मी तुम्हाला काय सांगू, आपणच ते कारण. दुसरं म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, २०१९-२१ ची. हे काम बघणारी आयआयपीएस संस्था आपल्या देवनारलाच आहे. त्याची जिल्ह्याची फॅक्टशीट नेटवर फुकट मिळते, ती प्रिंट करून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, ते आकडे जिल्ह्याचे आहेत, त्यात तुमचं गाव आलंही नसेल, त्यामुळे जिल्ह्यात इतके टक्के म्हणजे आपल्या गावात पण तितकेच असा हिशोब मांडू नका.

मग गावात फोन. पहिला फोन सरपंचाला, दुसरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला, आणि तिसरा, जो लोक विसरतात, आशा ताईंना. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कोणाची टीबीची गोळी चालू आहे, कोण पडून आहे, हे त्यांना पाठ असतं. पण त्यांच्याकडून पेशंटची नावं काढून घेऊ नका, ती त्यांनी द्यायची पण नसतात. तुम्हाला हवेत वाड्या, घरं आणि रस्ता. आणि ताईंना फुकट राबवू नका. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो, तुमच्या मागे दोन दिवस फिरल्या तर तेवढं त्यांचं काम बुडतं. बॅनरला पैसे असतात मग मानधनाला पण ठेवा.

आता सर्व्हे कधी करायचा. गणपतीत नको. मे महिन्यात पण शक्यतो नको. सगळ्यांना सुट्टी तेव्हाच असते हे मान्य, पण तेव्हा गावात मुंबई भरलेली असते, घरात चुलीवर दहा माणसं, आजी खुश, रोज मासे, आणि अशा वेळी तुम्ही विचारणार की एकटं वाटतं का. काय उत्तर येणार? गाव जसं एरवी असतं तसं बघायचं असेल तर दिवाळीनंतर शिमग्याच्या आधी जा, लावणी-कापणी उरकलेली असते, रस्ते सुके असतात, माणूस घरी भेटतो. दोन शनिवार-रविवार जोडून पाच-सहा जण गेले तरी मध्यम गाव होतं. जमणारच नसेल आणि मे मध्येच जायचं असेल तर निदान कोणाला मोजायचं ते कडक ठेवा: गेले ६ महिने जो गावात राहतोय तोच. आठ दिवसांसाठी आलेला चाकरमानी मोजायचा नाही, तो कितीही आग्रहाने बीपी तपासून मागू दे. तपासा, पण फॉर्म भरू नका.

घर म्हणजे काय हे पण आधीच ठरवा. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हा साधा नियम, मोठे सरकारी सर्व्हे पण असंच धरतात. कुलूप असलेली घरं सोडून पुढे जाऊ नका, ‘बंद’ म्हणून नोंद करा, शेवटी किती बंद निघाली हा स्वतःच एक आकडा असतो. आणि घरात माणसं राहतात पण आत्ता रानात गेलीत, तर संध्याकाळी परत जा. त्याच्याऐवजी शेजारचं घर घेतलं की दिवसभर राबणारी सगळी माणसं तुमच्या यादीतून आपोआप गळतात आणि उरतात ती ओटीवर बसलेली.

किती घरं घ्यायची यावर मंडळात फार वाद होतात. कोणीतरी इंजिनियर पोरगा ३८४ हा आकडा नेटवरून घेऊन येतो. तो आकडा खोटा नाही, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के मागेपुढे धरलं तर मोठ्या लोकसंख्येसाठी तेवढी माणसं लागतात. पण तुमच्या गावात मोठी माणसं मिळून ४०० च असतील तर तोच हिशोब १९६ वर येतो. आणि खरं सांगू का, एवढ्याशा गावात निवड करत बसूच नका, सगळी घरं करा. आमचं घर का सोडलं यावरून पुढची पाच वर्षं बोलणी खाण्यापेक्षा चार दिवस जास्त चाललेलं बरं. गाव मोठंच असेल तर प्रत्येक वाडीची घरांची यादी करा, चिठ्ठी टाकून पहिलं घर काढा आणि तिथून दर दुसरं किंवा तिसरं घर घ्या. सोयीचं घर, ओळखीचं घर, चहा चांगला मिळतो ते घर, असं नाही.

वाडी म्हटलं की भावकी आली. विचारणारा माणूस स्वतःच्या वाडीत पाठवू नका. काकाच्या पोरासमोर कोण सांगणार की घरात दारूवरून काय चालतं? अदलाबदल करा, वरच्या वाडीचा खाली आणि खालचा वर. बायकांशी बायकांनीच बोलायचं, आणि सुनेशी बोलताना सासू तिथे नको. हे तोंडावर सांगता येत नाही, म्हणून दोघी जणी जा, एकीने सासूबाईंचं बीपी घेत बाहेर बसायचं, दुसरीने आत चुलीपाशी बोलायचं. मदत पाहिजे असेल तर टिस किंवा निर्मला निकेतनसारख्या ठिकाणी समाजकार्य शिकणाऱ्या मुलांना विचारून बघा, त्यांना अभ्यासात फील्डवर्क असतंच, आणि बाहेरच्या माणसाजवळ लोक कधीकधी जास्त मोकळं बोलतात.

फॉर्म. इथे सगळे घसरतात. मंडळातल्या प्रत्येकाला आपला एक प्रश्न घालायचा असतो आणि फॉर्म आठ पानांचा होतो. मी एकच चाळणी लावतो: या प्रश्नाचं उत्तर आलं तर आपण काय वेगळं करणार? काही सांगता येत नसेल तर प्रश्न कट. अर्ध्या तासाच्या वर माणूस बसत नाही, म्हातारं माणूस तर वीस मिनिटांत थकतं आणि मग तुम्ही काय पण विचारा, ‘हाय हाय’ म्हणतं.

वय विचारू नका, आधार कार्ड बघा, नाहीतर निम्मं गाव बरोब्बर ६०, ६५ आणि ७० वर्षांचं निघतं. तारखा पण विचारू नका, शिमग्याच्या आधी की नंतर, लावणीत की कापणीत, असं विचारलं की लगेच आठवतं. किती मागचं विचारायचं याला मर्यादा घाला. साध्या आजारासाठी गेले १५ दिवस, दवाखान्यात ॲडमिट झालेलं असेल तर गेलं एक वर्ष, कारण ताप माणूस विसरतो, ॲडमिट झालेलं विसरत नाही.

शब्दांची काळजी घ्या. ‘तुम्ही तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का’ असं आजीला विचारलं की ती नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिला विचारा, ‘मिश्री लावता का?’ तर म्हणेल, ‘लावते की, सकाळी, दुपारी जेवल्यावर, निजताना.’ मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूचीच पूड, पण तिच्या हिशोबात तंबाखू म्हणजे पुरुष मळतात ती. मग पुढचं विचारा, दिवसातून किती वेळा, कधीपासून, तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का, तोंड पूर्ण उघडतं का. चट्टा असेल तर नाव वेगळ्या कागदावर लिहून त्याच आठवड्यात दाखवायची सोय करा, हे सर्व्हे संपेपर्यंत थांबायचं काम नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या गावात ‘काय आजार आहे’ पेक्षा ‘काय करता येत नाही’ हे जास्त कामाचं. त्यासाठी अपंगत्वाची आकडेवारी बघणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुपचे सहा छोटे प्रश्न आहेत, जगभर वापरतात: दिसायला, ऐकायला, चालायला-चढायला, आठवायला, स्वतःची अंघोळ-कपडे करायला, आणि बोललेलं समजायला-समजवायला त्रास होतो का. चारच उत्तरं: काही त्रास नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. चष्मा असेल तर चष्मा लावून दिसतं का असं विचारायचं. आजारपणाचं विचारलं की ‘आता वयाचंच हाय सगळं’ म्हणून विषय संपवणारी माणसं इथे बरोबर सांगतात, की विहिरीच्या पायऱ्या उतरवत नाहीत म्हणून शेजारीण पाणी देते.

मनाचं कसं विचारायचं? टेन्शन आहे का विचारलं तर सगळे हसतात. जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ म्हणून पाच प्रश्नांची पट्टी आहे, गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५, बेरीज २५ पैकी, १३ च्या खाली आली तर त्या माणसाकडे जरा नीट लक्ष द्यायला पाहिजे. हे रोगाचं निदान नाही, खूण आहे. आकड्यात सांगणं कोणाला जड गेलं तर काजूच्या पाच बिया समोर ठेवा, ‘रोजच वाटलं तर पाच, कधीच नाही तर एक पण नको, किती सरकवाल?’ लहानपणी काजूच्या बियांनी खेळलेली माणसं आहेत ती, बिया हातात आल्या की बोलायला लागतात. एका आजींनी दोन बिया सरकवल्या आणि मग स्वतःच अजून एक पुढे केली, म्हणाल्या हा रविवारचा, त्या दिवशी फोन येतो. ते पण लिहून घ्या, बाजूला, शब्दाला शब्द. अशा ओळी शेवटी टक्क्यांपेक्षा जास्त समजावतात.

जिथे पुढे काही करायची आपली ताकद नाही तिथे हात घालू नका. मारहाण होते का, जीव द्यावासा वाटला का, हे प्रश्न प्रशिक्षण नसलेल्या माणसाने यादीतून वाचायचे नसतात. तरी कोणी आपणहून सांगितलं तर फॉर्म बंद करा, ऐका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर द्या, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, आणि त्या माणसाला विचारूनच पुढे कोणाला सांगायचं ते ठरवा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चुकूनही नाही.

बीपी घेणार असाल तर नीट घ्या. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन, मनगटाचं नको. माणूस चढण चढून आलेला असतो, आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, अर्ध्या तासात चहा-तंबाखू-मिश्री झालेली नको. दोनदा घ्या, मध्ये एक-दोन मिनिटं सोडा. १४०/९० किंवा वर आलं तर केंद्रात परत तपासायला सांगा, एका दिवसात कोणाला ‘तुम्हाला बीपी आहे’ म्हणायचं नाही. वरचा आकडा १८० च्या पुढे गेला तर गाडी काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. पाच वर्षांखालची मुलं असतील तर अंगणवाडी ताईंकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते, ६ महिन्यांच्या वरच्या मुलाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ताबडतोब दाखवायचं. रक्त काढायच्या भानगडीत पडू नका.

संमती म्हणजे नुसती सही नाही. कोण आहोत, कशासाठी विचारतोय, नाव बाहेर जाणार नाही, नको वाटलं तर मध्येच थांबवता येईल, आणि ‘नाही’ म्हटलं तरी शिबिरात गोळी मिळेल, हे सगळं तोंडाने सांगायचं. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण गावात लोकांना वाटतं मुंबईवाल्यांना दुखावलं तर आपला नंबर कटेल. कॉलेजसाठी किंवा कुठे छापायला हे काम करत असाल तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी आहेत, नंतर मागून चालत नाही.

फॉर्म मोबाईलवर घ्यायचा असेल तर कोबो टूलबॉक्स हे सर्व्हेचे फॉर्म भरायचं साधन वापरा, रेंज नसताना पण भरता येतो आणि रेंजमध्ये आलं की चढतो. गुगल फॉर्म डोंगरातल्या वाडीत दगा देतो. नाव-घर नंबरची वही वेगळी, उत्तरं वेगळी, मध्ये फक्त कोड.

आणि अर्धा सर्व्हे मुंबईत करायचा, हे कोणी करत नाही. गावच्या आईला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, ऑपरेशन आत्ता करायचं की गणपतीनंतर, पैसे कोण देणार, हे नालासोपाऱ्याच्या वन रूम किचनमध्ये ठरतं. मंडळाच्या मीटिंगला येणाऱ्या घरांना चारच प्रश्न विचारा: गेल्या वर्षात गावाहून कोणाला उपचाराला मुंबईत आणलं का, कशासाठी, केईएमला नेलं की टाटाला की प्रायव्हेटला, आणि किती दिवस राहावं लागलं. गावात सोय नाही म्हणून कशाकशासाठी परळपर्यंत यावं लागतं हे यातून उघडं होतं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी येत असतील तर शिबिर कसलं घ्यायचं ते ठरलंच की.

गावातल्या फॉर्ममध्ये दवाखाना किती किलोमीटर हे विचारू नका, ते मॅपवर दिसतं. रात्री दोनला छातीत दुखलं तर कोणाला फोन कराल, गाडी कोणाची, किती घेतो, एवढं विचारा. कितीतरी वाड्यांमध्ये सगळे एकाच रिक्षावाल्याचं नाव सांगतील.

आकडे मांडताना टक्क्यांची हौस आवरा. १० घरांच्या वाडीत ६ घरांत काही निघालं तर ‘१० पैकी ६ घरं’ असंच लिहा. वाडीवार तक्ता करा, रस्त्याला लागून असलेल्या वाड्या एकीकडे आणि चढणीवरच्या दुसरीकडे, फरक असेल तर तिथेच दिसेल. आणि पाचापेक्षा कमी माणसं असलेला कुठलाही आकडा वाडीच्या नावासकट छापायचा नाही, ‘खालच्या वाडीत टीबीचे २’ लिहिलं की ते दोघं कोण हे गावाला दुसऱ्या मिनिटाला कळतं.

सगळं झालं की गावाला परत सांगायचं, आणि ते आरतीनंतर माईकवर नाही. आपल्याकडे ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. १ मे ची धरा, तेव्हा गावचे पण असतात आणि मुंबईचे पण. एका मोठ्या कागदावर चार-पाच गोष्टी, मेडिकल ऑफिसर समोर बसलेले, आणि आधी त्यांना एकदा दाखवून ठेवलेलं, नाहीतर त्यांना वाटतं आपल्यावर आरोपपत्र वाचतायत आणि पुढचं सहकार्य संपलं. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्याकडे थोडासा निधी पण असतो, मागण्या तिच्या नावाने ठरावात घाला: अमक्या वाडीला महिन्यातून एकदा नर्सताई, बीपीच्या गोळ्या उपकेंद्रात, विहिरीला कठडा आणि धरायला पाईप.

मूळ नावांची वही कोणाच्या घरी राहणार आणि कधी जाळणार हे त्याच दिवशी मिनिट बुकात लिहा. दोन वर्षांनी परत जाल तेव्हा त्याच महिन्यात जा, तेच प्रश्न, त्याच शब्दांत.